न उघडलेलं पुडकं

३ जानेवारी, रविवार
या वर्षी संकल्प एकच. मागच्या वर्षीचे बरेचसे अजून कोरे करकरीत पडून आहेत, त्यात भर घालण्यात अर्थ नाही. संकल्प असा: जुन्या जपानी नाण्यांचा संग्रह आता सीरियसली करायचा.

संग्रहात सध्या चौकोनी भोकाची तांब्याची काही नाणी आणि एक मोठं, लांबट, अंडाकृती नाणं. हे दुसरं म्हणजे माझ्या संग्रहाची शान. विकणाऱ्यानं 'बहुधा अस्सल' असं लिहून दिलं आहे. 'बहुधा' हा शब्द अभ्यासू माणूसच वापरतो.

बायको म्हणाली की काड्यापेट्यांच्या वेळीही मी सीरियस होतो. काड्यापेट्यांची गोष्ट वेगळी होती. तिथे विषयातच खोली नव्हती.

१० जानेवारी, रविवार
नाणेमंडळाची बैठक, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. मी माझं एक नाणं फिरवलं आणि त्यावरची चार अक्षरं घड्याळाच्या काट्याप्रमाणे कशी वाचायची ते समजावून सांगितलं. अध्यक्ष (चष्म्याच्या दुकानाचे मालक, दुसऱ्याच्या डोळ्यात बोट घालून बघायची सवय) म्हणाले की ती आधी वर-खाली आणि मग उजवीकडून डावीकडे वाचतात. मी म्हणालो की याबाबत दोन मतं आहेत. दुसरं मत कुणाचं ते शोधून ठेवायला हवं.

२४ जानेवारी, रविवार
आजचा दिवस सोन्याचा.

सासऱ्यांकडे गेलो होतो. सासरे जन्मभर जहाजावर इंजिनरूममध्ये होते. आता डोळे अधू झालेत, मोतीबिंदू पिकतोय, पण आवाज अजून इंजिनावर मात करणारा. जेवण झाल्यावर त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि कपाटातून एक पुडकं काढलं. मुठीएवढं. पिवळट कागद, घट्ट घड्या, खळीनं चिकटवलेलं, वर काळ्या शाईत जपानी अक्षरं आणि एक लाल शिक्का.

त्यांच्याबरोबर जहाजावर एक जपानी फिटर होता. त्याच्या खापरपणजोबांची सराफी होती म्हणे. त्या काळी तिथले सराफ नाणी अशी कागदात बांधून वर आपलं नाव आणि शिक्का घालायचे, आणि ते पुडकं बाजारात तसंच फिरायचं. घेणाराही उघडायचा नाही, देणाराही नाही. ज्याचा शिक्का, त्याचा शब्द. हे सगळं मला ठाऊक होतंच, पण ऐकून घेतलं. फिटरनं सासऱ्यांना असली घडी घालायलासुद्धा शिकवली होती, आणखीही बरंच सांगत होते. तेवढा वेळ मी पुडक्याकडे बघत होतो.

सासरे म्हणाले, जावईबापू, हे तुमच्याकडे असू दे, उघडू मात्र नका. मी त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला. म्हणालो की टर्मिनसवरच्या हरवलेल्या सामानाच्या विभागाचा मी इन्चार्ज आहे, रोज शेकडो बंद बॅगा माझ्या भरवशावर असतात. दोन साक्षीदारांशिवाय आमच्याकडे चेनसुद्धा सरकत नाही. ते म्हणाले, म्हणून तर तुम्हाला देतोय.

खरं सांगायचं तर मला भरून आलं. माझ्या घरात, ऑफिसात, मंडळात मला असं कुणी काही दिलेलं नाही. या माणसानं मला अभ्यासक मानलं.

दोन्ही मेव्हणे दारात उभं राहून हसत होते. त्यांना दिलं नाही म्हणून असेल.

२५ जानेवारी, सोमवार
अध्यक्षांना फोन. जुलैच्या प्रदर्शनात मधलं काचेचं टेबल मला हवं, असं सांगितलं. कार्डावरचा मजकूरही सांगून टाकला: 'मूळ शिक्क्यासह न उघडलेले प्राचीन पुडके. अत्यंत दुर्मिळ.' अध्यक्ष थोडा वेळ काही बोलले नाहीत. अशी शांतता मी फार वर्षं मिळवायचा प्रयत्न करत होतो.

३ फेब्रुवारी, बुधवार
पुडक्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू. कागदाचा वास घेतला. अठरावं शतक, उत्तरार्ध. वासावरून एवढं नेमकं सांगणारे लोक फार नसतील.

ऑफिसच्या सामानकाट्यावर वजन केलं. काटा ट्रंकांसाठी आहे, पुडक्यासाठी हललाच नाही. तेव्हा वजनाचा प्रश्न तूर्त खुला.

१४ फेब्रुवारी, रविवार
पुडकं कानाशी धरून हलवलं. खळ्ळ. पुन्हा हलवलं. सोनं असा आवाज करत नाही. चांदी कदाचित.

बायकोनं बघितलं. म्हणाली, उघडावंसं वाटत असेल तर उघडा आणि बाबांना तसं सांगून टाका, ते काही तुम्हाला खाणार नाहीत. मी तिला शब्द म्हणजे काय असतं ते समजावलं. बराच वेळ समजावलं. ती वडिलांची मुलगी असून तिला या गोष्टीची किंमत नाही, याचं वाईट वाटलं.

१ मार्च, सोमवार
पुडकं न उघडता आत बघणं म्हणजे उघडणं नव्हे. हे तत्त्व सकाळी दात घासताना सुचलं आणि त्यात एकही खोट सापडली नाही.

टर्मिनसवरच्या सामानाच्या एक्स-रे मशिनमधून पुडकं पाठवलं. पट्ट्यावरून ते एवढंसं पुडकं दोन सुटकेसच्या मधून चाललं होतं तेव्हा मी पट्ट्याच्या कडेनं त्याच्याबरोबर चालत गेलो. स्क्रीनवर एकावर एक गोल चकत्या. मधे भोक. मी स्कॅनरवाल्याला म्हणालो की भोक चौकोनी आहे. तो म्हणाला की गोल आहे. मी पुन्हा पाठवायला लावलं. पुन्हा चौकोनी. तो म्हणाला, साहेब, मागे लाइन लागलीय. त्याला रोज वस्तरे आणि अत्तराच्या बाटल्या बघायची सवय, इतिहासाची नजर त्याच्याकडे कुठून येणार.

म्हणजे आत चौकोनी भोकाची नाणी. पण कुठली? साधी की दुर्मिळ? ज्यांवरून बाकीची नाणी ओतत त्या मूळ साच्याची असली तर मी वर्तमानपत्रात येईन.

६ मार्च, शनिवार
उघडणार नाही. हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो.

८ मार्च, सोमवार
कागदाच्या एका कोपऱ्याची खळ जुनी होऊन सुटत चालली आहे. म्हणजे सुटेल असं वाटतं. प्रदर्शनाआधी तो कोपरा नीट बसवणं हे संग्राहकाचं कर्तव्य आहे. त्यासाठी तो आधी किंचित सैल करावा लागेल. सैल करणं आणि उघडणं यांत फरक आहे.

१० मार्च, बुधवार. दुपारी दोन
हाफ डे टाकला. बायको बँकेत. किटली ठेवली आहे. पुडकं वाफेवर फक्त क्षणभर धरायचं.

सव्वादोन
कोपरा सैल झाला. उत्तम. दुसरा कोपराही झाला. तो आपणहून झाला.

अडीच
लाल शिक्का किटलीच्या झाकणावर उतरला. पुडक्यावर आता गुलाबी ढग आहे.

पावणेतीन
पुडकं उघडं आहे. मी उघडलं असं म्हणता येणार नाही. ते माझ्या हातात असताना उघडलं.

आत काळसर चकत्या. तेलकट. भोक गोल. कागदाच्या आतल्या बाजूला बारीक बारीक चौकटी छापलेल्या.

साडेतीन
किटली पुसली. टेबल पुसलं. ओट्यावरच्या फडक्यानं पुसलं, मग ते फडकं धुतलं. तळहात अजून काळे आहेत. सासऱ्यांचा हात याच हातांनी धरला होता.

११ मार्च, गुरुवार
रात्रभर विचार केला आणि सकाळी प्रकाश पडला. लोखंडी नाणी. जपानात एका काळात तांबं कमी पडलं तेव्हा लोखंडाची नाणी ओतली होती, हे सर्वश्रुत आहे. वापरून वापरून अक्षरं झिजली आणि भोकाचे कोपरे घासून गोल झाले. तेलकट थर म्हणजे शतकांचा लेप, त्याला हात लावायचा नसतो. आतल्या चौकटी म्हणजे जपानी विणकामाचा नमुना.

अक्षर नसलेली लोखंडी नाणी मी तरी कुठे बघितलेली नाहीत. म्हणजेच दुर्मिळ.

बायको म्हणाली की चहाला मशिनच्या तेलाचा वास येतोय. मी म्हणालो की चहापत्ती बदलली असेल. तिनं चहा मोरीत ओतला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, बाबांना काही सांगायचंय का तुम्हाला? मी म्हणालो, नमस्कार सांग.

२१ मार्च, रविवार
आज एक नाणं स्वयंपाकघराच्या खिडकीत सापडलं. एका वाटीत, स्क्रूंच्या शेजारी. माझंच पडलं असणार. निष्काळजीपणाबद्दल स्वतःला रागावलो आणि इतरांबरोबर ठेवून दिलं.

सिंकचा नळ गळतो म्हणून प्लंबर आला होता. तो दुकानातून पाइप घेऊन परत आला आणि त्याचा वॉशर शोधायला लागला. इथेच वाटीत ठेवला होता, म्हणे. मीही त्याच्याबरोबर शोधला. ओट्याखाली टॉर्च मारली. बायकोला म्हणालो की हल्लीच्या कामगारांना आपल्या वस्तू सांभाळता येत नाहीत. शेवटी त्यानं पिशवीतून दुसरा वॉशर काढून तळहातावर ठेवला.

मी तो बघितला.

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि माझी सगळी नाणी टेबलावर मांडली. त्यातलं प्लंबरचं कुठलं ते मला ओळखता आलं नाही.

२२ मार्च, सोमवार
सासरे फसले. बिचारे. त्या फिटरनं त्यांच्या हातात वॉशर टेकवले आणि ते भोळे गृहस्थ एवढी वर्षं कपाटात जपत बसले. उतारवयात त्यांना हे कळलं तर ते खचतील. तेव्हा मी गप्प राहायचं ठरवलं आहे. हे ओझं मी एकटा वाहीन. कुणीतरी वाहायलाच हवं.

असा विचार केल्यावर दिवसभर बरं वाटलं. जेवताना बायकोनं विचारलं की एवढं शहीद झाल्यासारखं काय बसलात.

४ एप्रिल, रविवार
पुडकं पुन्हा बांधलं. अवघड काम आहे. घडी नऊ वेळा फसली. दहाव्या वेळी फसली तेव्हा तीच ठेवली. ऑफिसचा गोंद. ढग झालेल्या शिक्क्याच्या जागी नवा शिक्का हवा होता. ऑफिसातल्या खोडरबरावर ब्लेडनं कोरला, जेवणाच्या सुट्टीत, एका बेवारस छत्रीच्या आडून. शाई 'मालक न मिळाल्यास' या शिक्क्याच्या पॅडची.

उमटला तो उलटा. आरशात बघितल्यावर सरळ. खोडरबरावर उलटं कोरायचं असतं हे आधी लक्षात आलं नाही. पण जपानी लोकही आपल्या उलट दिशेनं लिहितात, तेव्हा एकूण हिशेब जुळतो.

एक वॉशर उरला. प्लंबरचा असेल. नसेलही. खिशात ठेवला आहे.

१८ एप्रिल, रविवार
सासऱ्यांकडे गेलो. खरं काय ते सांगूनच यायचं असं ठरवून गेलो होतो. म्हणजे मी उघडलं हे नाही. कोपरा सुटला आणि मला दिसलं, इतपत. पण त्यांनी दारातच खांद्यावर हात टाकला आणि शेजाऱ्यांना ओळख करून दिली: हे आमचे जावई, नाण्यांचे अभ्यासक. मग सांगायचं कसं? शेजाऱ्यांसमोर म्हाताऱ्या माणसाचा अपमान झाला असता.

परत येताना बायकोनं विचारलं, बोललात का? मी म्हणालो, कशाबद्दल? ती खिडकीबाहेर बघत राहिली.

२ मे, रविवार
आज नक्की सांगणार होतो. सासऱ्यांची सर्दी. आजारी माणसाला सांगू नये.

१६ मे, रविवार
सर्दी बरी. नुकतंच बरं झालेल्याला सांगू नये.

३० मे, रविवार
सांगायला सुरुवात केली. म्हणालो, त्या पुडक्याबद्दल. तर ते एकदम पुढे सरसावले, म्हणाले, हां, बोला. चेहऱ्यावर एवढा आनंद की मी म्हणालो, ते कपाटात वरच्या खणात ठेवलंय, ओल लागू नये म्हणून. ते म्हणाले, शाब्बास.

त्या शाब्बासनंतर जेवण गेलं नाही. मी ऑफिसात अनेक चोर बघितले आहेत. दुसऱ्याची बॅग आपली म्हणून घ्यायला येतात. आत काय आहे ते अगदी बरोबर सांगतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. मी त्यांना लगेच ओळखतो आणि माझ्या या नजरेचा मला अभिमान आहे. आज मी सासऱ्यांच्या खुर्चीच्या पायाकडे बघून बोलत होतो.

१३ जून, रविवार
अध्यक्षांना म्हणालो की मधलं टेबल दुसऱ्या कुणाला द्या, माझं मन मोठं आहे. ते म्हणाले, पत्रकं छापून झाली. पत्रकावर पुडक्याचा फोटो. शिक्का जवळून घेतलाय.

शिवाय अध्यक्षांनी स्वतःच सासऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं आहे. सासरे त्यांच्या दुकानात डोळे तपासायला गेले होते, तिथे माझा विषय निघाला. अध्यक्ष म्हणाले, तुमचे सासरे तुमच्याबद्दल फार बोलत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये. म्हणजे प्रदर्शनात त्यांना धुरकट दिसेल. हे ऐकून मला हायसं वाटलं, असं लिहिण्याची वेळ माझ्यावर यावी.

१० जुलै, शनिवार
उद्या प्रदर्शन. सांगायचं असेल तर आजच. फोन तीन वेळा हातात घेतला. बायको समोर बसून होती. शेंगा सोलायच्या नसतानाही काहीतरी सोलत असल्यासारखे तिचे हात चालले होते. मी फोन ठेवल्यावर ती उठून गेली.

उद्या सगळं सुरळीत पार पडलं की सोमवारी सांगेन. शांतपणे. दोघांतच.

११ जुलै, रविवार
क्रमानं लिहितो, म्हणजे निदान क्रम तरी नीट राहील.

हॉल भरला होता. मधल्या टेबलावर काचेत माझं पुडकं, निळ्या मखमलीवर. शिक्क्याची बाजू मी खाली केली होती, अध्यक्षांनी येऊन ती वर केली. दुसऱ्या रांगेत बायको आणि दोन्ही मेव्हणे. सासरे इस्त्रीचा कोट घालून.

सासऱ्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकपासून लांबच उभे राहिले, त्यांना माइक लागत नाही. म्हणाले, हे पुडकं मी आणि माझा फिटर मित्र आम्ही दोघांनी मिळून बांधलंय. एका बंदरात माल उतरेना, हाताला काम नव्हतं. त्यानं मला घडी शिकवली. बांधायला नाणी कुठली आणणार, म्हणून इंजिनरूममधले वॉशर घेतले. कागद प्रेशरच्या नोंदींच्या छापील तक्त्याचा. शिक्का त्यानं बुचावर कोरला. आणि म्हणाला, आता बघ, जो हे देईल त्याच्या शब्दावर हे चालतं की नाही.

हॉल हसला. मी आश्चर्यचकित झालो. दोनदा झालो, कारण मागच्या रांगांना पहिल्यांदा दिसलं नसावं.

सासरे म्हणाले, हे मी आधी थोरल्याला दिलं. दोन दिवसांत हसत आला, बाबा, हे तर वॉशर. पुन्हा बांधलं, धाकट्याला दिलं. त्यानं त्याच संध्याकाळी उघडलं आणि मलाच फसवलं म्हणून भांडायला आला. आम्ही तिघं पोट धरून हसलो. यात उघडण्याचं काही नाही, माणूस आहे, उघडणारच. पण माझ्या जावयांनी जानेवारीपासून उघडलेलं नाही. फिटर असता तर त्यानं यांना वाकून नमस्कार केला असता.

टाळ्या. मेव्हण्यांनीही वाजवल्या, मनापासून. दारात ते का हसत होते ते आत्ता कळलं. मला वाटतं, माझं वाईट चिंतणारा माणूस त्या हॉलमध्ये एकच होता आणि तो माझा कोट घालून मधल्या टेबलापाशी उभा होता.

मग सासरे म्हणाले, आता उघडा, जावईबापू, सगळ्यांसमोर. तुम्ही मोकळे झालात.

काचेचं झाकण अध्यक्षांनी स्वतः उचललं. आतमध्ये ऑफिसचा गोंद, ज्याला अजून ऑफिसचा वास आहे. मी पुडकं हातात घेतलं. सांगायची हीच वेळ होती. हसत हसत सांगता आलं असतं. मीही तसलाच निघालो, एवढं म्हणायचं होतं, आणि सगळा हॉल माझ्याबरोबर हसला असता. मेव्हण्यांनी पाठीवर थाप मारली असती. याहून सोपं जगात कुणी कुणाला कधी करून दिलं नसेल.

मी म्हणालो की मी शब्द दिला आहे, आणि दिलेला शब्द मला मोडता येत नाही, त्यातून मला मोकळं केलं तरीही.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून दुसरं पुडकं काढलं. लहान, काळपट, कडेला झिजलेलं. म्हणाले, हे खरं. जहाज सोडताना फिटरनं दिलं, त्याच्या घराण्यातलं. आत काय आहे मला माहीत नाही, त्यालाही नव्हतं. हे कुणाला द्यायचं याची मी इतकी वर्षं वाट बघत होतो.

त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. हाताला गार लागलं आणि वजनदार.

मग मला बोलायला सांगितलं आणि मी संयम या विषयावर बोललो. बरंच बोललो. चांगलं झालं, असं अध्यक्ष म्हणाले. दुसऱ्या रांगेत बायको मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

खिशात वॉशर होताच. बोलताना मी तो बोटांत फिरवत होतो.

१२ जुलै, सोमवार
ऑफिसला गेलो नाही. बंद बॅगांकडे बघवलं नसतं.

सकाळी बायको बोलली. ओरडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. ती हळू बोलत होती. म्हणाली की तिला पहिल्यापासून माहीत होतं पुडक्यात काय आहे, घरात सगळ्यांनाच माहीत होतं, पण बाबांनी सांगू नकोस म्हटलं होतं. मार्चमध्ये घरी आली तेव्हा किटलीच्या झाकणावर पुसूनही राहिलेला लाल डाग, धुतलेल्या फडक्यावर न गेलेले काळे हात. तिला तेव्हा हसू आलं होतं. म्हणाली, मला वाटलं, आता तुम्ही बाबांकडे जाल आणि तेही हसतील, आणि एकदाचे तुम्ही आमच्यातले व्हाल.

मग एप्रिलमध्ये बाबांचा फोन आला. उघडलं का गं त्यांनी? आवाजात इतकी हौस होती की ती म्हणाली, नाही बाबा. बाबांशी ती कधी खोटं बोललेली नाही, शाळेत असतानासुद्धा नाही. तिला वाटलं की मी त्या आठवड्यात जाऊन सांगेन आणि तिचं खोटं माझ्या सांगण्यात विरून जाईल. म्हणून ती दर रविवारी विचारत होती. मला वाटायचं, हिला माझं बरं बघवत नाही.

मी म्हणालो, आत्ता जाऊन सांगतो. चप्पलसुद्धा घातली. ती म्हणाली, आता सांगितलंत तर मीही खोटी ठरते. खरं पुडकं त्यांनी माझ्या शब्दावर दिलंय, तुमच्या नाही. कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, मला सुचत नाही.

मी चप्पल काढली.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात. डोळ्यावरची पट्टी निघाली की पहिल्यांदा जावयांनी जपलेलं पुडकं नीट बघणार, असं सासरे काल निघताना म्हणाले. बुचावर शिक्का कोरला तेव्हा ते शेजारी बसले होते. सरळ होता तो.

खरं पुडकं कपाटातल्या वरच्या खणात ठेवायला गेलो तर बायकोनं हात पुढे केला. मी दिलं. तिनं ते तिच्या साड्यांखाली ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कुठे ठेवली ते मी बघितलं नाही. मुद्दाम पाठ केली होती. तिला ते दिसलं की नाही ठाऊक नाही.

मग तिनं किटली उचलली, धुतली, कोरडी केली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माळ्यावर टाकायला स्टूल ओढलं. मी स्टूल धरलं. ती म्हणाली, नीट धरा. नीट धरलं.